खिंडीपलीकडचं विरजण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी की डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि घोरपडी बोलत असत. जरा जास्तच बोलत असत, ते पुढे कळेलच.

लहानांनी पुढे बसून ऐकावी. मोठ्यांनी मागे बसावं, पण ऐकावी मात्र नीट, कारण गोष्ट दह्याची आहे आणि दही सगळ्यांच्याच घरात लागतं.

तर एका खिंडीच्या पलीकडे एका राजाचा राजवाडा होता आणि अलीकडे हिरवंगार खोरं होतं. त्या खोऱ्यात राजाने एक जोडपं वसवलं. त्यांना म्हशी दिल्या, कुरणं दिली, बारा महिने वाहणारा झरा दिला. झोपडीचा पहिला वासा राजाने स्वतः खांद्यावरून आणला होता, असंही म्हणतात. सगळं दिलं आणि एकच वस्तू आपल्याकडे ठेवली. विरजण.

दुधाचं दही करायचं तर त्यात चमचाभर आधीचं दही घालावं लागतं, हे मुलांनाही ठाऊक असेल. त्यालाच विरजण म्हणायचं. राजाने त्या दोघांना सांगितलं, "रोज सकाळी खिंड चढून माझ्या दाराशी या आणि चमचाभर विरजण घेऊन जा."

मग रोज सकाळी कधी बायको, कधी नवरा वाटी घेऊन वर जाई. राजा स्वतः दाराशी येई. वाटीत विरजण घाली आणि विचारी, "म्हशी कशा आहेत? बांडी व्याली का?" घेणारा वाटी कपाळाला लावी आणि म्हणे, "दिलंस म्हणून हाय." बस, एवढंच. खरं सांगू का, राजाला त्या दोघांशी बोलायला फार आवडे. विरजण हे भेटीचं निमित्त होतं.

राजाने आणखी एक गोष्ट बजावली होती. झऱ्याकाठी निळ्या फुलांचं एक झुडूप होतं. त्याचं पान तोडलं की पांढरा चीक गळे. "हा चीक दुधात घालू नका," राजा म्हणाला होता. "दूध घट्ट होईल, पण ते दही नव्हे. ते खाल तर मराल, आणि तुमच्या पाठीमागे तुमची मुलंबाळंही."

त्या झुडपाखाली एक घोरपड राहत असे. तिला स्वतःला दही आवडत नसे, पण दुसऱ्यांच्या दह्यात नाक खुपसायला फार आवडे.

एके सकाळी बायको झऱ्यावर आली तेव्हा घोरपड म्हणाली, "काय गं, रोज तो चढ चढून पाय दुखत न्हाईत का?"

"न्हाई बा," बायको म्हणाली, आणि तेवढ्यात तिला पाय दुखल्यासारखे वाटले.

"दूध तुमच्या म्हशींचं, दही तुमच्या हातचं, आन् चमचाभर विरजणासाठी दुसऱ्याच्या दारात! हा चीक घाल. एकदा दही लागलं की उद्याला त्याचंच विरजण. मग तुम्हीच राजा आन् तुम्हीच राणी."

"पण तो म्हणाला, मराल."

"मी रोज हितंच झोपते. मेलेली दिसते का?"

घोरपड चांगलीच टुणटुणीत दिसत होती. बायकोने पान तोडलं. तिने ते घरी आणलं तेव्हा नवरा मडकं धरून उभा राहिला. नको म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. मडकं मात्र त्यानेच धरलं.

दुसऱ्या दिवशी मडक्यात दगडासारखं घट्ट दही लागलं होतं. दोघांनी बोट घालून चाखलं आणि दोघांच्याही जिभा मागे सरल्या. कडू! नुसतं कडू नव्हे, घशातून उतरून पोटात जाऊन बसणारं कडू.

आता मला सांगा, काय करायला हवं होतं? मडकं ओतून टाकायचं आणि धावत खिंड चढायची. राजाच्या दाराशी उभं राहून म्हणायचं, चुकलो. पण लाज फार वाईट असते. ऊन वर आलं, वर जायची वेळ टळली. राजा वाट बघून स्वतः खिंडीत आला आणि त्याने हाक मारली, "कुठे आहात रे? आज आला नाहीत?" दोघांनी हाक ऐकली आणि आतून दार ओढून घेतलं.

मग वर जाणं नाही म्हणून विरजण नाही. विरजण नाही म्हणून त्याच कडू दह्याचा चमचा नव्या दुधात घातला. ते दोघे त्या दिवशी मेले नाहीत, हे घोरपड सगळ्या रानाला सांगत फिरली. पण त्या दिवसापासून ते मरायला लागले, हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

पुढे त्यांना मुलं झाली, मुलांना मुलं झाली, खोऱ्यात वस्ती झाली. घरं वाढली, म्हशी वाढल्या, आणि घरोघरी विरजण तेच. लेक सासरी निघाली की आई डोळे पुसत तिच्या हातात विरजणाची वाटी देई. शेजारीण मागायला आली तर तिला नाही म्हणायचं नाही, अशी खोऱ्याची रीत होती. आणि विरजणाचं मडकं कधी रिकामं करायचं नाही, धुवायचं नाही, कारण त्यात वाडवडिलांची पुण्याई आहे असं सगळे मानत. म्हणजे बघा, तो कडूपणा कुणी वैराने पसरवला नाही. मायेनेच घरोघर पोचवला.

मूल जन्मलं की बाराव्या दिवशी कुणी वडीलधारं माणूस त्याच्या जिभेला दह्याचं बोट लावी. कडूपणा असा त्यांच्या पाचवीलाच पुजलेला. माणसं केस पिकायच्या आत वाकत. बोलणी कडवट होत, भाऊ भावाचं कुरण बळकावी. कितीतरी पोरं बसती व्हायच्या आत जात. पण दही कडू आहे असं कुणी म्हणत नसे. दही म्हणजे असंच! त्यात गूळ घालायचा आणि तोंड वाकडं न करता खायचं, याला तिथे चांगलं वळण म्हणत.

राजाने खिंड कधी बंद केली नव्हती. बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं ते खोऱ्यातल्यांनीच. राजा रागावलाय, वर गेलं तर जीव घेईल, असं आया पोरांना सांगत. राजाला पाहिलेलं तर कुणीच नव्हतं.

आता हौसा. ही या वस्तीतली एक सून. तिची पहिली मुलगी बसायला लागली आणि गेली. आता तिला दुसरी मुलगी झाली होती, नखाएवढ्या नाकाची, सारखी मूठ तोंडात घालणारी. बारावा दिवस जवळ आला तशी हौसाची झोप उडाली.

म्हशीची धार काढता काढता ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, दही समदीकडं असंच असतंय का वं?"

"समदीकडं म्हंजी कुटं? खोऱ्याभायेर गेलंय कोण? दही म्हंजी कडूच. गूळ घाल आन् खा."

"मग म्हशीचं दूध कसं गोड?"

 उत्तर सुचलं नाही की सासवांना गोठ्यातलं शेण आठवतं, तसं तिलाही आठवलं आणि ती उठून गेली.

हौसाने नवं मडकं आणून बघितलं. वस्तीतल्या प्रत्येक घरातून विरजण मागून बघितलं. चिंचेचं पाणी घालून बघितलं, दूध फाटलं. नुसतंच ठेवून बघितलं, दूध नासलं. शेवटी तिने ठरवलं की आपल्या लेकीला दह्याचं बोट लावूच द्यायचं नाही.

सासू म्हणाली, "आगं येडे, बोट न्हाई लावलं तरी काय हुणार? तू जल्मभर तेच खाल्लंयस. तुझ्या दुधात बी तेच हाय. पोरगी पिताना बघ जरा."

हौसाने बघितलं. पोरगी एक घोट घेई, ओठ वाकडे करी, आणि भूक लागलेली म्हणून पुन्हा पिई. हौसाने हात टेकले. जे आपल्याच अंगात आहे त्यातून पोरीला वाचवायची कशी?

ती उठली आणि भर दुपारी खिंडीपाशी गेली, काटेरी कुंपणाजवळ. तिथे जायला मनाई होती. तिने वर तोंड करून हाक मारली, "कुणी हाय का वं वर? मला काय नगं. माझ्या लेकीला गोड दही पायजे!"

वरून उत्तर आलं नाही. ती थोडा वेळ थांबली आणि घरी आली.

उत्तर आलं नाही, कारण उत्तर आधीच वाटेत होतं. ते कसं, तेही सांगतो. इतक्या पिढ्या राजा रोज सकाळी चमचा घेऊन दाराशी उभा राहत होता. त्या दिवशी पहाटे त्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, ते वर येत नाहीत. मी खाली नेतो."

"ते तुला ओळखणार नाहीत."

"ओळख करून देईन."

"ते तुला मारतील."

मुलाने दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाला, "मडकं द्या."

राजाने स्वतःच्या हाताने मडकं भरलं. खिंडीतल्या गारठ्याने विरजण मरू नये म्हणून ते मुलाच्या पोटाशी ठेवलं आणि एका फडक्याने घट्ट बांधलं. मग ती गाठ त्याने पुन्हा एकदा ओढून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाच्या दारात एक माणूस उभा होता. काट्यांतून आल्याने त्याचं कपाळ आणि हात ओरबाडले होते. पोटाशी मडकं बांधलेलं होतं. तो खोऱ्यात उतरला तो खोऱ्याचीच बोली बोलत.

"बाई, भूक लागलीया. काय हाय का?"

हौसाने भाकरी दिली. सोबत दही वाढताना तिचा हात अडखळला. "दादा, दही कडू हाय."

"असू दे."

त्याने ते सगळं खाल्लं. वाटीला बोट फिरवून चाटून घेतलं. तो गोड दह्यावर वाढलेला माणूस, ते त्याला किती कडू लागलं असेल! पण त्याने गूळ मागितला नाही. खाऊन झाल्यावर म्हणाला, "काल तूच हाक मारलीस न्हवं? म्या राजाचा ल्योक. तुझ्या लेकीसाठी इरजण आणलंय."

हौसा धावत आतून मडकं घेऊन आली. "घाला दादा, ह्यात घाला."

त्याने मडक्यात बघितलं. "हे भरलेलं हाय, हौसा. आधी रिकामं कर. चांगलं धू, चुलीवर पालथं घालून भाज, जुना वास जाईस्तवर."

हौसा थबकली. ते मडकं सासूच्या सासूचं. आजवर कुणी रिकामं केलेलं नाही. दारातून सासू ऐकत होती. ती घाबरली आणि लगबगीने थोरल्याकडे गेली.

थोरला म्हणजे वस्तीतला सगळ्यांत वडील माणूस. सगळ्या रीती त्याला पाठ, कुणाच्या घरी बोट लावायचं असलं तरी मान त्याचाच. घटकाभरात त्याने सगळी वस्ती झऱ्यापाशी गोळा केली आणि परक्या माणसाला मध्ये उभं केलं.

"तू म्हणतोस, आमचं दही वाईट?"

"वाईट झालंय, बाबा. पहिल्यापासनं तसं न्हवतं."

"बरं. इरजण आणलंयस तर घाल आमच्या मडक्यात. चमचा तुझा, चमचा आमचा. वाडवडलांचा बी मान ऱ्हाईल, तुझा बी ऱ्हाईल."

"तसं न्हाई हुत, बाबा. कडवातला एक थेंब जरी ऱ्हायला, तरी समदं पुन्हा कडूच हुतंय."

लोक कुजबुजू लागले. पण थोरला कुजबुजत नव्हता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. का, ते मी तुम्हाला सांगतो, म्हणजे त्याचा उगाच राग धरणार नाही. थोरल्याचे तिन्ही मुलगे लहानपणी गेले होते. तिघांच्याही जिभेला त्याने स्वतःच्या हाताने बोट लावलं होतं. आज जर दही कडू आहे असं कबूल केलं, तर त्या बोटाचं काय करायचं? ते त्याला सोसण्यासारखं नव्हतं.

त्याने झऱ्यातला गोटा उचलला आणि मारला.

गोटा पोटाशी बांधलेल्या मडक्याला लागला. मडकं फुटलं. पांढरंशुभ्र दही त्या फडक्यात झिरपलं, खाली ओघळलं. मग बाकीच्यांनीही गोटे उचलले. पहिला गोटा पडल्यावर दुसरा उचलायला फार धीर लागत नाही. राजाच्या मुलाने हात वर केले नाहीत. तो गुडघ्यावर आला आणि मग आडवा झाला.

हौसा गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ गेली. त्याचा श्वास अजून चालू होता.

"हौसा, फडकं घे. कोमट दुधात बुडव."

"दादा, ह्यांनी काय केलं हे!"

"त्यांनी गोड कधी चाखलंच न्हाई गं. लागलं की समद्यांना दे. मागंल त्याला न्हाई म्हणू नगंस."

त्यानंतर तो बोलला नाही.

लोकांनी त्याला झऱ्याकाठी, त्या निळ्या फुलांच्या झुडपाजवळ, दगड रचून पुरलं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळे आपापल्या घरी गेले आणि त्यांनी दारं ओढून घेतली.

हौसा फडकं घेऊन घरी आली. त्यात दही होतं आणि रक्तही होतं. तिने ते धुतलं नाही. चुलीवर दूध ठेवलं आणि विरजणाच्या मडक्यापुढे बसली. मडकं ओतायला हात लावला तर ते हलेना. पिढ्यांपिढ्यांचा साका बुडाशी बसलेला. मागून सासू आली. हौसाला वाटलं, आता ही आरडाओरडा करणार.

सासू खाली बसली आणि म्हणाली, "जड हाय. एका अंगानं तू धर."

दोघींनी मिळून मडकं परसात ओतलं, राखेने घासलं, चुलीवर पालथं घालून जुना वास जाईपर्यंत भाजलं. मग कोमट दूध घातलं आणि त्यात ते फडकं बुडवलं. वर झाकण ठेवलं. पोरगी तिकडे भुकेने रडत होती.

सकाळी हौसाने झाकण काढलं. दही लागलं होतं. घट्ट होतं, पण दगडासारखं नव्हे. हलवलं तर हळूच हलत होतं. तिने बोट घातलं आणि चाखलं.

त्या चवीला खोऱ्यात शब्दच नव्हता. जराशी आंबट, मागून गोड, आणि घशातून उतरताना थंड. हौसा रडायला लागली. रडत रडत तिने लेकीच्या जिभेला बोट लावलं. पोरगी क्षणभर थांबली, मिटमिट बघत राहिली, आणि मग तिने आईचं बोट असं घट्ट धरलं की सोडेचना. तिने ओठ वाकडे केले नाहीत.

सासूने चाखलं. तिने पुन्हा एकदा चाखलं. मग म्हणाली, "म्हशीचं दूध गोड का, ते आत्ता कळलं गं मला." आणि तिने मडक्यापुढे जमिनीला डोकं टेकलं. हौसाच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "दिलंस म्हणून हाय." हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या पिढ्या ते कुठे राहिले होते कोण जाणे.

मग काय, वस्तीत बातमी लपते थोडीच! आधी शेजारीण आली, पदराआड वाटी लपवून. मग तिची जाऊ आली. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, ही रीत होतीच. ज्या वाटांनी कडू घरोघर गेलं होतं, त्याच वाटांनी आता गोड निघालं. परसापरसांतून जुनी मडकी ओतली जाऊ लागली, चुलींवर भाजली जाऊ लागली. हौसाच्या मडक्यातून सगळ्या वस्तीने चमचा चमचा नेला, तरी रोज सकाळी ते भरलेलंच.

एकच घर राहिलं. थोरल्याचं.

थोरला घराबाहेर पडत नव्हता. भिंतीपलीकडून पोरांच्या हसण्याचे आवाज येत आणि तो कानांवर हात ठेवी. शेवटी एके सकाळी, कुणाला दिसू नये म्हणून आडवाटेने, तो आपलं मडकं काखेत मारून झऱ्यावर गेला. वाडवडिलांचं मडकं लोकांदेखत ओतायची त्याला लाज वाटत होती. लाज खोऱ्यात पहिल्यापासूनचीच.

तिथे रचलेले दगड बाजूला पडले होते. आणि झऱ्यात पाय सोडून राजाचा मुलगा बसला होता. कपाळावर व्रण होते, पोटावर व्रण होता. सकाळचं ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं.

थोरला जागीच थांबला. पळायचं तर पळवेना.

"बाबा, या. दही लागलं का घरी?"

थोरला खाली कोसळला. "पहिला गोटा म्या मारला."

"ठावं हाय."

"माझी तीन पोरं... ह्या बोटानं म्या त्यांना..."

"ते बी ठावं हाय, बाबा. ती माझ्या बापाकडं हायत. गोड खात्यात." आणि त्याने हात पुढे केला. "मडकं आणा हिकडं."

थोरल्याने मडकं दिलं. राजाच्या मुलाने ते आपल्या हातांनी ओतलं, आत हात घालून तो बुडाचा कडू साका खरवडला आणि झऱ्याच्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं. थोरला बघत राहिला. ज्या हातांवर त्याने गोटे पडताना पाहिले होते, तेच हात त्याचं मडकं धूत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपल्या मडक्यात लपवण्यासारखं आता काही उरलं नाही.

"आता घरी न्या, भाजा, आन् हौसाकडनं इरजण मागा."

"तिच्याकडं? त्यापरीस तूच घाल की."

"तिच्याकडंच. तिच्या इरजणात म्याच हाय."

थोरल्याने घरी जाऊन मडकं भाजलं आणि भर वस्तीतून, सगळ्यांसमोर, रिकामं मडकं हातात घेऊन हौसाच्या दाराशी आला. जन्मभर मान घेतलेला तो माणूस एका सुनेच्या दारात मान खाली घालून उभा राहिला.

हौसा बाहेर आली. तिने त्याचा तो गोटा मारणारा हात बघितला. तिच्या डोळ्यांपुढे झऱ्याकाठची ती सकाळ उभी राहिली. तिच्या मनात आलं, साऱ्या खोऱ्याला देईन, पण ह्याला नाही. मग तिला ते शेवटचं बोलणं आठवलं. मागेल त्याला नाही म्हणू नकोस. आणि हेही आठवलं की आपलं मडकंही कालपरवापर्यंत तसंच कडू होतं, आणि ते गोड झालं त्यात आपली कर्तबगारी काहीच नव्हती.

ती आत गेली. एका हाताने लेकीला कडेवर सावरत तिने भरलेला चमचा आणला आणि थोरल्याच्या मडक्यात घातला.

थोरल्याने मडकं कपाळाला लावलं. मग तो म्हणाला, "दिलंस म्हणून हाय."

"मी कुटं दिलं, बाबा?" हौसा म्हणाली. "मला बी दिलंच हाय."

त्या दिवशी थोरल्याने स्वतः कोयता घेतला आणि खिंडीतलं बोरीचं कुंपण तोडलं. बाकीचे आपसूकच मदतीला आले. झऱ्यावरून राजाचा मुलगा व्रणांसकट चालत आला, तशी सगळ्यांनी मान खाली घातली, आणि तो त्यांच्या पुढे चालत खिंड चढून गेला. वर दाराशी म्हातारा राजा चमचा हातात धरून उभा होता, आणि त्याने पहिल्यांदा काय विचारलं असेल सांगा बघू? "म्हशी कशा आहेत?"

त्यानंतरही खोऱ्यात माणसं म्हातारी होत आणि मरत, पण खिंडीपलीकडे कोण वाट बघतंय हे ठाऊक असल्याने डोळे मिटताना भीत नसत. निळ्या फुलांचं झुडूप अजून झऱ्याकाठी आहे. घोरपडही आहे आणि बोलतेही, पण चव कळलेल्या माणसांपुढे तिचं फारसं चालत नाही. आणि रोज सकाळी कुणी ना कुणी वाटी घेऊन खिंड चढतं. आता घरोघरी विरजण असतं, तरी चढतं. सगळ्यांच्या पुढे पळत सुटे ती हौसाची लेक, चालायला लागली त्या दिवसापासून.

म्हणून बाळांनो, आणि मागे बसलेल्यांनो, लक्षात ठेवायचं ते एवढंच: जो कडूपणा आपण जन्मतः घेऊन येतो तो आपल्या हातांनी निघत नाही, प्राण देऊन कुणी गोडवा आणलेला असतो, आपण मडकं रिकामं करून पुढे धरावं आणि जन्मभर त्याचे आभार मानावेत.